पुस्तिकेतले बेचाळीस हजार

"लिफ्ट बंद आहे होय गं?" दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी टेकवत दिगंबरकाकांनी विचारलं.

"हो ना, आजच बंद पडली," मी म्हटलं.

त्या इमारतीला लिफ्ट नव्हतीच. पण सकाळी बसस्टँडवर त्यांना उतरवून घेतल्यापासून मी इतक्या थापा मारल्या होत्या, की त्यात आणखी एकीचं मला काही वाटलं नाही. माझा बेत अगदी साधा होता. स्टँडजवळच्या हॉटेलात दोघांना पोटभर जेवू घालायचं, सारसबाग दाखवायची आणि तीनच्या बार्शी गाडीत बसवून द्यायचं. काकांनी तो बेत पहिल्या पाच मिनिटांतच मोडून काढला.

"हॉटेलात कशाला? तुझ्या आईनं धपाटी दिलीत बांधून. तुझ्या घरी बसून खाऊ की. घर बघायलाच आलोय."

दिगंबरकाका वेळापुरे म्हणजे बार्शीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं बांगड्यांचं दुकान. नात्याचे नव्हेत, पण आमच्याच समाजातले, आणि अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, रोज संध्याकाळचे सोबती. अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सुटी झाली की हात धुऊन काकांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. त्या पायरीवर बसून त्यांनी माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल, ते मला विचारू नका.

काकांच्या मागून त्यांची मुलगी कल्याणी चढत होती. नुकतीच बारावी झालेली, जीवशास्त्रात सत्त्याण्णव मार्क, आणि सकाळपासून तोंडातून चकार शब्द नाही. काका आले होते ते तिच्यासाठीच. तिला 'हेमांगीताईचंच' करायचं होतं. म्हणजे बायोटेक्नॉलॉजी, पाच वर्षांचं, खाजगी विद्यापीठात. मी जिथं शिकले तिथंच. कर्ज पाच लाखांचं. कागद तयार होते, फक्त काकांची सही राहिली होती.

"माझी सवय तुला ठाऊक आहे," ते बसस्टँडवरच म्हणाले होते. "डझन बांगड्या घेतल्या तरी एकेक वाजवून बघतो मी. हे तर पाच लाख. म्हटलं, सही करायच्या आधी तुझं सगळं डोळ्यांनी बघून येऊ."

मी कुलूप काढलं.

खोलीत तीन खाटा होत्या. माझ्या दोन्ही जोडीदारणी रविवारच्या पाळीला गेल्या होत्या, एवढंच नशीब. मी पहाटे उठून त्यांचे कपडे, बादल्या, आरसे सगळं खाटांखाली ढकललं होतं आणि वर चादरी ताणून घातल्या होत्या.

"या दोन खाटा कुणाच्या?"

"मैत्रिणी आहेत काका. राहायला आल्यात."

"कधीपासनं?"

"झाले की थोडे दिवस."

काका चप्पल दाराबाहेर काढून आत आले आणि सगळ्या खोलीवरून नजर फिरवून शेवटी खाटेच्या पायाशी थांबले. आमच्या घरमालकीणबाईंनी भाडेकरू पोरींत भांडणं नकोत म्हणून प्रत्येक खाटेवर ऑइलपेंटनं आकडा टाकला होता. पहाटे सगळं झाकलं, ते आकडे झाकायचे राहिले. एक, दोन, तीन. माझी दोन नंबरची.

"बसा ना काका, पाणी देते," मी घाईनं म्हटलं.

कल्याणीही त्या आकड्यांकडेच बघत होती.

काकांनी खाली सतरंजी घालायला लावली, मांडी घातली आणि पिशवीतून आधी डबा न काढता एक शंभरपानी वही काढली. वहीच्या आत चार पातळ पुस्तकं होती. त्यांची गुलाबी वेष्टणं मी लगेच ओळखली. आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका! दर वर्षी दिवाळीनंतर मेळावा होतो, त्यात निघते. फोटो, नाव, शिक्षण, उंची, रंग, नोकरी, पगार.

"कुणाचं लग्न ठरवताय?" मी हसत विचारलं.

"लग्न नव्हे गं. हिशोब. बँकेचे साहेब भले निघाले. म्हणाले, वेळापुरे, कर्ज आम्ही देऊ, पण हे शिकून पगार किती मिळतो ते आधी बघा, हप्ता त्यातनंच जाणार. आता पगार विचारायचा कुणाला? कोण सांगतो आपला पगार? रात्रभर झोप नाही. मग सकाळी दात घासता घासता सुचलं. अरे, आपल्या समाजानं तर सगळ्यांचे पगार छापून ठेवलेत!"

त्यांनी वही उघडली. चार वर्षांच्या चार पुस्तिका पेन्सिल घेऊन त्यांनी पानन् पान चाळल्या होत्या. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, झूऑलॉजी, बॉटनी, असलं काही केलेली एकतीस मुलं-मुली वेचून काढली होती. क्रमांक, नाव, गाव, शिक्षण, पगार. दुकानातल्या मालाची यादी करावी तसं सुवाच्य अक्षर. खाली बेरीज, भागाकार आणि दुहेरी रेघ.

"सरासरी छत्तीस हजार दोनशे! हप्ता बसतो अकरा-साडेअकरा. पंचवीस हजार हातात उरतात. आणि ही तर नुसती सरासरी." त्यांनी बोट वर सरकवलं. "सगळ्यात वर कोण आहे बघ."

क्रमांक दोनशे चौदा. हेमांगी. पाच फूट तीन इंच. गहूवर्णी. नामांकित औषध कंपनी, पुणे. दरमहा बेचाळीस हजार.

यातले चाळीस हजार माझे आणि दोन हजार अण्णांचे. माझे कसे, ते सांगते. पहिली नोकरी लागली त्या दिवशी आईनं फोन स्पीकरवर टाकला होता. घरात मावशी, शेजारच्या दोघी, सगळ्या गोळा झालेल्या. "पगार किती गं?" आई म्हणाली. तिच्या आवाजातच पेढे होते. मला पंधरा हजार सांगवेना. तोंडातून चाळीस निघून गेलं. पुढे पुस्तिकेचा अर्ज भरताना अण्णांनी स्वतःच्या पदरचे दोन हजार घातले. म्हणाले, तेवढी वाढ तर झालीच असेल.

त्या रविवारी माझा खरा पगार सतरा हजार दोनशे होता. अकरा हजार तीनशे हप्ता. अडीच हजार खाट. उरलेल्या चौतीसशेत एकवेळचा डबा, बसचा पास, साबण, फोन आणि मी. घरी सांगितलं होतं की सगळा पगार कर्जातच भरतेय, दोन वर्षांत मोकळी होते. त्यामुळे घरी पैसे का पाठवत नाही, हे कुणी विचारत नव्हतं. दोन दिवाळ्या मी बार्शीला गेले नव्हते. बेचाळीस हजारवाली मुलगी घरी जाते तेव्हा तिच्या हातात पिशव्या असाव्या लागतात. मी कंपनीत काम आहे म्हणून सांगायचे आणि लक्ष्मीपूजनाला या दोन नंबरच्या खाटेवर पडून छताकडे बघायचे. बाकीच्या दोघी घरी गेलेल्या असायच्या. चार-चार दिवस माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

मी वही पुढं ओढली. क्रमांक अठ्ठ्याऐंशी, कुर्डुवाडी, अडतीस हजार. हा माझ्याच वर्गातला. मामाच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. क्रमांक एकशे सहा, चाळीस हजार. ही माझी सीनियर. घरी पाचवी-सहावीच्या शिकवण्या घेत होती. असे सात जण मला ठाऊक होते, आणि सातही जणांचे आकडे मला हसू येईल इतके फुगलेले. पण हसू आलं नाही. आम्ही एकतीस जण होतो, आणि प्रत्येकाला वाटत असणार की बाकीच्यांचं नीट चाललंय, आपणच तेवढे फसलो.

"चूक आहे का काही?" काकांनी विचारलं. "तू जाणती आहेस. बघ आणि सांग."

"आधी जेवू या का काका?"

आईची धपाटी, शेंगांची चटणी, घट्ट दही, वर कांदा. मी किती खाल्ली ते मोजलं नाही. शेवटचं धपाटं उचलताना लक्षात आलं की ते दोघं कधीचे थांबलेत आणि माझ्याकडे बघतायत. मी ओशाळून हात मागं घेतला.

"खा गं," काका म्हणाले. "तुझ्यासाठीच दिलीत."

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला बांगड्यांचा जोड काढला. कासार माणूस लेकीबाळीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही. मोरपिशी रंगाच्या, बारीक कडेच्या बांगड्या होत्या.

"कंपनीत चालत नाहीत हो काका. आम्हाला हात कोपरापर्यंत धुवावे लागतात."

"मग रविवारच्या घाल. आण इकडं हात. दोन-सहाच्या मापाच्या आणल्यात. तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मीच भरल्या होत्या तुला, आठवतंय? केवढी ओरडली होतीस!"

मी हात पुढं केला. कासार बांगडी भरतो तेव्हा आधी अंगठ्याखालचा उंचवटा दाबून हात मऊ करतो, बोटं एकत्र मिटवतो आणि मग बोलण्यात गुंतवून बांगडी वर सरकवतो. काकांनी हात दाबायला घेतला आणि दाबायचे थांबले. बांगडी नुसतीच घातली. ती सरळ मनगटापर्यंत गेली. त्यांनी ती काढली आणि परत घातली. परत तशीच गेली.

"हाडाचा हात बदलत नाही पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षं हात बघतोय मी. दोन-सहाची बांगडी अशी न दाबता गेली म्हणजे अंगावरचं मांस गेलं. अशी जाते एक बाळंतिणीच्या हातात, नाहीतर आजारी बाईच्या. तू आजारी आहेस का?"

"डाएट करते काका."

"हं."

त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. त्यांचा तळवा गरम होता. दोन वर्षांत माझा हात कुणी असा धरला नव्हता. एकदम डोळे भरून आले म्हणून मी मान खाली घातली. काका उठले, "खालून चहा घेऊन येतो," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

खोलीत आम्ही दोघी उरलो. आणि सकाळपासून मुकी असलेली ती मुलगी बोलली.

"ताई, खाटांवर नंबर आहेत."

"हो."

"खरा पगार किती आहे?"

सांगून टाकला. हप्ताही सांगितला. का कोण जाणे, तिला सांगायला जड गेलं नाही. तिला धक्काबिक्का काही बसला नाही. ती सरकून जवळ आली.

"पप्पांना नका सांगू."

"अगं, वेडी आहेस का? तुझ्या डोक्यावर बसेल हे कर्ज. सात वर्षं. मी जाते ना त्यातून."

"जाईन मी. चालेल मला. ताई, हे नाही झालं तर लातूरचं स्थळ आहे. आत्याच्या नात्यातलं. माणसं चांगली आहेत, तसं काही नाही. पण पप्पा म्हणतात, शिकायचं तर पुढं भाकरी मिळेल असं शिकायचं, नाहीतर नुसतं वय कशाला वाढवायचं."

"बार्शीत बीएस्सी कर. फी थोडी लागते."

"तो विषय काढला मी. पप्पा म्हणाले, गल्लीत चौघी बीएस्सी होऊन बसल्यात. त्यांचं काय झालं?" ती थांबली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी दुकानात बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात पावावर बुरशी वाढवली होती. पाच प्रकारची. पप्पांच्या भिंगातून बघायचे. आईनं फेकून दिली." आणि मग एकदम, "ताई, कॉलनी दिसते कशी? बॅक्टेरियाची? आमच्या पुस्तकातला फोटो नीट छापलेलाच नाही."

काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. जोडीदारणींना माझ्या कामाची किळस यायची. आई विचारायची, जेवलीस का. अण्णा विचारायचे, साहेब चांगले आहेत ना. मी सांगायला लागले. एक जात असते ती काचेच्या ताटलीवर कुंकवासारखी लाल उगवते. एक हिरवट, तिला द्राक्षांसारखा गोड वास येतो, आणि असते मात्र महा वाईट. एक चिकट, सुईनं उचलली तर तार येते. सकाळी प्रयोगशाळेत गेलं, उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं की काल जिथं काहीच नव्हतं तिथं आज हजारो जिवांची वस्ती झालेली असते, आणि त्या वेळी तिथं आपण एकटे असलो तरी एकटं वाटत नाही. मी वीस मिनिटं बोलत होते. कल्याणीच्या तोंडाचा आ मिटला नव्हता.

"ताई, तुम्ही आत्ता वेगळ्याच दिसताय," ती म्हणाली.

दारात काका उभे होते. हातात चहाची पिशवी आणि तीन कागदी पेले. कधीपासून उभे होते कोण जाणे.

त्यांनी चहा ओतला. आपला पेला खाली ठेवला आणि वही मांडीवर घेतली.

"हेमांगी, मला एकच आकडा सांग. पुस्तिकेतला नको."

कल्याणी माझ्याकडे बघत होती. मला दिसत होतं. पण बांगडी भरताना धरलेला तो हात अजून माझ्या मनगटावर असल्यासारखा वाटत होता, आणि त्या माणसाशी खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"सतरा हजार दोनशे," मी म्हटलं. मग हप्ता सांगितला, खाट सांगितली, एकवेळचा डबा सांगितला. लिफ्टचंही सांगून टाकलं.

काकांनी पेन्सिलीनं बेचाळीस खोडलं आणि शेजारी सतरा दोनशे लिहिलं. "आणि बाकीचे तीस?"

"माझ्या ओळखीचे सात आहेत काका. सातही असेच."

"सातही?" त्यांनी चष्मा काढला. बाजारात खोटा पैसा अंधारातही ओळखणारा हा माणूस, पण समाजाच्या पुस्तिकेत छापलेलं खोटं असेल, हे त्यांच्या मनालाच शिवलं नव्हतं. "म्हणजे पगार सगळे... आणि पोरांच्या उंच्या?"

"त्याही काका. बुटासकट मोजतात."

ते हसले. मीही हसले. कल्याणी हसली नाही.

मग काकांनी वही मिटली, पिशवीत टाकली आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसले.

"आता आकडे बाजूला ठेव. आकड्यांनी मला फसवलं, परत त्यांच्या नादाला लागत नाही. मघाशी तू पोरीला सांगत होतीस ते मी ऐकलं दारातनं. म्हणून विचारतो. ही खाट, हा हप्ता, हे उपाशी राहणं, सगळं तुला बारावीतच कुणी सांगितलं असतं, तरी तू घेतलं असतंस का हे कर्ज? तू हो म्हण. मी सोमवारी सही करतो. माझी पोर तुझ्यासारखी राहील, राहू दे. तू नाही म्हण, मी कागद फाडतो. तुझ्यावर सोडलं."

कल्याणीनं दोन्ही हातांनी ओढणीचं टोक धरलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "नसतं घेतलं."

आणि मला रडू फुटलं. काका जवळ सरकले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "किती सोसलंस गं एकटीनं," म्हणाले. "तुझ्या अण्णाला मी काही बोलणार नाही. आकडा माझ्यापाशी राहील." मी किती वेळ रडले कुणास ठाऊक. डोकं वर केलं तेव्हा कल्याणी खोलीत नव्हती. बाहेर गॅलरीत पाठ करून उभी होती.

स्टँडवर जाताना ती माझ्याशी बोलली नाही. गाडीत खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. काकांनी मात्र गाडी हलेपर्यंत माझा हात हातात धरून ठेवला होता. त्याच वर्षी पौष सरल्यावर लातूरला तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली. मी रजा नाही म्हणून कळवलं.

काकांनी शब्द पाळला. अण्णांना कधी कळलं नाही. मी नोकऱ्या बदलल्या, हप्ते भरले, कर्ज संपलं. मग साथीच्या वर्षांत प्रयोगशाळांना माणसं मिळेनात, तेव्हा आमचे भाव जरा वधारले. ज्या महिन्यात पगार खरोखरच बेचाळीसवर गेला, त्या महिन्यात मी कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कुणाला? घरच्यांच्या लेखी ती जुनी गोष्ट होती. पुस्तिकेतून माझं काही जमलं नाही, पुढं मीही नाव द्यायचं थांबवलं. आता एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभाग माझ्याकडे आहे. स्वतःची एक खोली आहे, तीत एकच खाट आहे.

मागच्या वर्षी वैशाखात काउंटरवरच्या मुलीनं फोन केला, "मॅडम, लातूरहून एक बाई आल्यात, तुम्हालाच भेटायचं म्हणतात." खाली गेले तर कल्याणी. अंग भरलेलं, केसांत गजरा, हातात शेंगाचटणीच्या तीन बरण्या. तिच्या बचतगटाची चटणी दुकानांत जायला लागली होती आणि परवान्यासाठी तपासणीचा अहवाल हवा होता. नवरा गाडी लावून बाहेरच थांबला होता.

"इथं असता हे पप्पांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पप्पा गेले संक्रांतीच्या सुमाराला."

"मला कळलं. यायला..."

"असू दे. शेवटपर्यंत आम्हाला घरात सांगायचे. हेमांगीनं खरं सांगितलं, म्हणून माझी पोर वाचली."

बाहेरच्यांना प्रयोगशाळेत नेत नाहीत. मी तिला नेलं. पांढरा कोट चढवायला दिला. लाल कॉलनी दाखवली, हिरवी दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली एक काच लावून दिली. ती वाकली ती वाकलीच. डोळा न काढता तिनं विचारलं, "ताई, ते खरं होतं का?"

"सतरा हजार? खरंच होतं गं."

"ते नव्हे. शेवटचं."

मला खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"नाही," मी म्हटलं. "घेतलं असतं मी कर्ज. दुप्पट असतं तरी घेतलं असतं. याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय?"

ती अजून वाकलेलीच होती. "मग नाही का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर तुझे पप्पा म्हणाले असते, मग रडतेस कशाला? स्वतःच्या हौसेनं घेतलंस ना? दोन वर्षं कुणी मला जवळ घेतलं नव्हतं, कल्याणी. नाही म्हटलं की ते डोक्यावर हात ठेवतील, हे मला दिसत होतं. मला तो हात हवा होता."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

तिनं काच जराशी सरकवली. मग विचारलं, "हे गोल गोल फिरतंय ते काय आहे?" मी सांगितलं. तिनं आणखी एक विचारलं. तेही सांगितलं. खाली तिच्या नवऱ्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा ती सरळ झाली. डोळे पदरानं पुसले, कोट काढला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"अहवाल कधी मिळेल?"

"गुरुवारी. दुपारनंतर ये. तुला आणखी दाखवते, नवीन ताटल्या लावून ठेवते तुझ्यासाठी."

"बघते," ती म्हणाली.

गुरुवारी मी सहा ताटल्या लावून ठेवल्या होत्या. अहवाल न्यायला तिचा नवरा एकटाच आला.